चोवीस वर्षांची मनधरणी, चौदा दिवसांचे वस्त्र

बर्लिनमधील राइशस्टाग या संसदभवनाच्या छतावरून रुपेरी कापडाची गुंडाळी उलगडत खाली येते आहे आणि कमरेला दोर बांधलेले गिर्यारोहक तिच्यासोबत दगडी भिंतीवरून सावकाश उतरत आहेत. ही दृश्ये जून १९९५ मधील आहेत, जेव्हा ही सबंध इमारत एक कलाकृती म्हणून चौदा दिवसांसाठी कापडात गुंडाळली गेली. शिल्पांना आणि दगडी कलशांना कापडाचा स्पर्शही होऊ नये म्हणून त्यांच्याभोवती आधी पोलादी सांगाडे उभारले गेले. कापड एक लाख चौरस मीटरहून अधिक, म्हणजे भिंतींच्या मापापेक्षा मुद्दामच कितीतरी जास्त घेतलेले आहे, कारण कलावंतांना चुण्या हव्या होत्या. निळा दोरखंड जिथे आवळला जातो, तिथे त्या चुण्या एकत्र येतात आणि त्याखाली पुन्हा मोकळ्या होतात, हे जवळून पाहावे.

क्रिस्टो आणि जान-क्लोद या दांपत्याचे हे काम आहे. दोघांचाही जन्म १३ जून १९३५ चा. तो बल्गेरियात जन्मला, ती मोरोक्कोत. १९५७ मध्ये साम्यवादी गोटातून निसटलेल्या क्रिस्टोला ही इमारत खुणावत राहिली, कारण ती पश्चिम बर्लिनमध्ये असली तरी तिच्या पाठीमागूनच शहराची फाळणी करणारी भिंत जात होती.

आता पाहू याच दोघांनी त्याआधी उभारलेले, कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरचे पांढरे नायलॉनचे कुंपण. साडेपाच मीटर उंचीचे आणि ३९.४ किलोमीटर लांबीचे हे कुंपण, १९७६ च्या सप्टेंबरमध्ये, गवताळ उतारांवरून वळणे घेत थेट प्रशांत महासागरात शिरले होते. वाऱ्याने फुगलेले कापड आपल्या नजरेत भरते. पण त्याखालची जमीन ५९ पशुपालकांची होती आणि त्यातल्या प्रत्येकाचा होकार मिळवावा लागला होता. अठरा जाहीर सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि पर्यावरणावरील परिणामांचा साडेचारशे पानांचा अहवाल तयार झाला. परवानगी मागणे, आक्षेप ऐकून घेणे, पुन्हा समजावणे हा सारा खटाटोप म्हणजे कलाकृतीचाच भाग आहे, असे हे दांपत्य मानत असे, आणि आम्हालाही ते पूर्णपणे पटते.

राइशस्टागसाठी ही मनधरणी १९७१ पासून सुरू होती. १९७७, १९८१ आणि १९८७ असा तीन वेळा नकार मिळाला. तरीही दोघांनी लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांचे उंबरे झिजवले, एकेका सदस्याला भेटून नकाशे आणि प्रतिकृती दाखवल्या. संसदेच्या अध्यक्षा रिटा झ्युसमुथ त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. चॅन्सेलर हेल्मुट कोल मात्र विरोधात होते. राष्ट्राच्या प्रतीकाने लोकांना जोडावे, त्यांच्यात फूट पाडू नये, अशा आशयाची कोल यांच्याच पक्षाचे संसदेतील नेते वोल्फगांग शॉयब्ल यांची भूमिका होती, आणि १९३३ ची आग व १९४५ चा विध्वंस सोसलेल्या वास्तूबद्दल ती मांडली जात असल्याने तिला वजन होते. अखेर २५ फेब्रुवारी १९९४ रोजी तेव्हा संसद जिथे भरत असे त्या बॉन येथील सभागृहात सुमारे सत्तर मिनिटे चर्चा होऊन मतदान झाले: बाजूने २९२, विरोधात २२३, तटस्थ ९. एका कलाकृतीसाठी देशाच्या संसदेने रीतसर वाद घालून कौल द्यावा, याहून मोठा मान कोणत्याही पुरस्काराने मिळाला नसता.

खर्चासाठी सरकारचा पैसा किंवा प्रायोजक घेतला नाही. क्रिस्टोची रेखाटने आणि कोलाज विकूनच सारी रक्कम उभी राहिली. पाहायला तिकीट नव्हते. हिरवळीवर बसलेली ही माणसे पाहा. त्यांतल्या अनेकांच्या हातात त्याच रुपेरी कापडाचा, फुकट वाटलेला, छोटा चौकोनी तुकडा आहे.

चौदा दिवसांत सुमारे पन्नास लाख लोक येऊन गेले, ७ जुलैपासून कापड उतरवले गेले आणि सगळे साहित्य पुनर्वापरासाठी पाठवण्यात आले. पुढे नॉर्मन फॉस्टर यांनी नूतनीकरण केलेल्या याच वास्तूत १९९९ मध्ये जर्मन संसद परतली. शेवटच्या चित्रात दोरखंड सैल होतो, कापड बाजूला सरते आणि पश्चिमेकडील प्रवेशद्वारावरची १९१६ मध्ये बसवलेली अक्षरे पुन्हा दिसू लागतात: ‘जर्मन जनतेस’.