जागा भरली, आता तू उभं कर

(पडद्यावर: सांगली, विश्रामबाग. रात्र. टेबलावर लॅपटॉप, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.)

या खोलीतली पोरं एक सर्व्हर चालवतात, म्हणजे कायम चालू असलेला, मागेल त्याला पानं दाखवणारा संगणक. सर्व्हर खोलीत नाही, मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. घरच्या ब्रॉडबँडवर तो ठेवता आला असता, पण इंटरनेट देणारी कंपनी एकच पत्ता कितीतरी गिऱ्हाइकांत वाटते, मग बाहेरच्या माणसानं घर शोधायचं कसं? म्हणून भाड्याचं यंत्र, आणि भाड्यासाठी वर्गणी. त्यावर ज्याला हवी त्याला एक जागा मिळते. तिथं आपलं पान मांडायचं. लाईक नाहीत, जाहिराती नाहीत, आणि पान छान दिसलंच पाहिजे असंही नाही.

कल्पना यांची नव्हे. २०१४ च्या शरदात न्यूयॉर्कच्या पॉल फोर्ड या लेखक-प्रोग्रामरनं ॲमेझॉनकडून एक लहानसं यंत्र भाड्यानं घेतलं आणि एका रात्री ट्विटरवर सांगून टाकलं, कुणाला खातं हवंय का? नाव ठेवलं टिल्ड डॉट क्लब. गंमत म्हणून केलेला उद्योग, पण थोड्याच दिवसांत रांग हजारावर गेली.

टिल्ड म्हणजे कीबोर्डवर डावीकडे कोपऱ्यात असते ती नागमोडी रेघ. युनिक्स या संगणकप्रणालीत तिचा अर्थ 'माझं घर', म्हणजे आपल्या फाइलींचं फोल्डर. १९७६ च्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डवर, 'होम' आणि ही रेघ एकाच बटणावर होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात युनिक्सवर काम करणारा प्रोग्रामर बिल जॉय तेच टर्मिनल वापरायचा. तिथून ही खूण युनिक्सभर गेली, आणि पुढं विद्यापीठांच्या सर्व्हरवर पत्त्यात रेघ आणि रेघेपुढं नाव दिसलं, की ते कुणाचं तरी खासगी पान हे लोक ओळखायला लागले.

त्याआधी जिओसिटीज होऊन गेलं होतं. १९९४ साली सुरू झालेलं, फुकट जागा देणारं. तिथं वस्त्या होत्या, हॉलीवूड, सिलिकॉन व्हॅली, आणि प्रत्येक वस्तीत घरांना नंबर. नव्या माणसाला वाट दाखवायला स्वयंसेवक होते, पण मालक कंपनी. १९९९ मध्ये ती याहूनं विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात वस्त्यांना कुलूप लागलं. बंद पडणाऱ्या वेबसाइटी जपून ठेवणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या लोकांनी धावपळ करून पुष्कळशी पानं उतरवून ठेवली, नाहीतर तीही गेली असती. त्या काळी आपल्याकडंही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून पोरं पानं बनवायची. मराठी वाचायचं तर आधी फॉन्ट उतरवून घ्या, नाहीतर ठोकळे बघत बसा!

टिल्ड डॉट क्लबमध्ये मालक आणि शेजारी यांत फार अंतर नव्हतं. सगळे एकाच यंत्रावर, म्हणून कोण आत आहे ते दिसायचं, आतल्या आत निरोप जायचे. आणि रांग वाढली तेव्हा फोर्डनं मोठं यंत्र घेऊन कंपनी काढली नाही. रांगेतल्या लोकांनी आपापली यंत्रं उभी केली. त्याच महिन्यात टिल्ड डॉट टाउन निघालं, मागोमाग आणखी. आपल्या हळदीसारखंच, जेठा गड्डा आहे तेवढाच राहिला आणि बाजूनं नवे फुटत गेले. माझ्या मते वाढ म्हणायची ती हीच, पण गुंतवणूकदाराला ती दिसणार नाही.

(पडद्यावर: लॅपटॉप जवळून. ब्राउझरमध्ये 'परवानगी नाही' असा संदेश.)

नव्या माणसाची पहिली ठेच इथं लागते. पान लिहिलं, जागेवर ठेवलं, आणि दार बंद. घराच्या फोल्डरला ७११ ही परवानगी द्यावी लागते: आत काय काय आहे याची यादी बाहेरच्याला दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेल्या ठिकाणी त्याला जाता येतं.

दुसरी ठेच मराठीची. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं पान केलं आणि 'आयर्विन पूल' (कृष्णेवरचा पूल) या शब्दांच्या जागी नुसता अक्षरांचा चुरा दिसला. "बाई, वर यूटीएफ-८ ची ओळ राहिलीय," एकानं सांगितलं. ओळ घातली, अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला कळलं, पूल उभा राहिला.

बाईंचं पान म्हणजे एक तक्ता. पावसाळ्यात रोज सकाळी कृष्णेची पातळी, फुटांत. ४० ला इशारा, ४५ ला धोका. सगळ्यात वर २०१९ ची ५७ फुटांची नोंद, लाल रंगात. फोटो नाही, सजावट नाही. गावभागात ज्यांचं घर आहे त्यांना एवढं पुरतं.

एका यंत्रावर किती घरं मावणार? मिरजेचा एक पोरगा खातं मागायला आला तेव्हा त्याला उत्तर मिळालं, "भावा, जागा भरली. तू तुझं उभं कर की. बसवून द्यायला आम्ही येतो." गेले, बसवून दिलं. आता दोन्ही यंत्रं एकमेकांचा पत्ता पहिल्या पानावर ठेवतात.

अडचण निघाली ती वेगळीच. मुख्य पासवर्ड एकाकडंच होता आणि त्याला पुण्यात नोकरी लागली. टिल्ड डॉट क्लबवरही काही वर्षं सामसूम होती, मग दुसऱ्या स्वयंसेवकांनी ते हातात घेतलं. हे ऐकून असल्यामुळं इथं पासवर्ड आता तिघांकडं आहे. आणि वर्गणीचा हिशेब बाईंकडं. तो त्यांच्या पानावर, कृष्णेच्या पातळीखाली लागतो, कुणाची किती थकलीय त्या रकमेसकट.