सलाईन संपल्यावर

[दृश्य: सकाळचा मेडिकल वॉर्ड. ठिबकणं थांबलेली सलाईनची बाटली. सिस्टर नळीचा क्लॅम्प बंद करतात.]

निवेदन:
सलाईन संपलं. आता सिस्टरच्या ट्रेमध्ये रिकामी बाटली आहे, नळीचा सेट आहे, हाताच्या शिरेतून काढलेली कॅन्युला आहे, रक्त लागलेला कापूस, एक सिरिंज, तिची सुई आणि औषधाची फोडलेली काचेची अँप्यूल. शिवाय नव्या सिरिंजचं कोरडं वेष्टन. एकाच ट्रेमधल्या या वस्तूंच्या पाच वाटा आहेत. त्या इथेच, पलंगाशेजारी वेगळ्या व्हायला हव्यात. एकदा पिशवीची गाठ बांधली की ती उघडून आत हात घालायचा नसतो, त्यामुळे इथे झालेली चूक पुढे कुणालाही सुधारता येत नाही.

[दृश्य: ट्रॉलीवरचा नीडल कटर. सुई आत जाते, सिरिंजचं टोक कापलं जातं.]

सगळ्यात आधी सुई. तिला पुन्हा टोपण लावायचं नाही. बोटाला सुई टोचण्याचे कितीतरी प्रकार नेमके टोपण लावतानाच होतात. सुई कापून पांढऱ्या, अर्धपारदर्शक, सुईनं भोसकला न जाणाऱ्या डब्यात. डबा पाऊण भरला की बंद. त्याच्यावर आणखी एक सुई दाबून बसवायला गेलं की आतली वर येते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत असते. हिपॅटायटिस सीसाठी ती बरीच कमी, एचआयव्हीसाठी साधारण 0.3 टक्के. म्हणून कचरा उचलणाऱ्या मावशी आणि मामांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं नियमानं बंधनकारक आहे. कंत्राटी कामगार यातून सुटता कामा नयेत. पिशवी उचलतात त्यांच्याच हातांना धोका सर्वांत जास्त.

[दृश्य: लाल पिशवी. नळी कात्रीनं कापून आत टाकली जाते.]

सुई निघालेली सिरिंज, नळी, कॅन्युलाचा प्लास्टिकचा भाग, लघवीची पिशवी, हातमोजे: हे सगळं लाल पिशवीत. बाटलीत उरलेलं सलाईन आधी ओतून द्यायचं, लघवीची पिशवीही रिकामी करायची; पाण्यानं वजन वाढतं आणि पिशवी गळते. नळी कापायची, कारण अख्खी नळी धुऊन पुन्हा विकता येते. ही नुसती शंका नाही. 2009 साली गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली, आणि तिच्या मुळाशी पुन्हा वापरलेल्या सिरिंज आणि सुया निघाल्या.

[दृश्य: पिवळी पिशवी. कापूस, गॉज, बँडेज.]

रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. तिथेच गॉज, प्लास्टर, बाळंतपणात पडलेली वार, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव. पिवळी पिशवी भट्टीत जाते, म्हणून तिच्यात चुकून गेलेली सलाईनची नळी सर्वांत महागात पडते. ही नळी बहुधा पीव्हीसीची, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची. ती जळताना डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होऊ शकतात. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान आणि धुराला किमान दोन सेकंद, असा नियम आहे तो यासाठीच. पण पिवळ्या पिशवीत उरलेला डाळभात आणि ओल्या पत्रावळी आल्या की भट्टीची उष्णता पाणी उकळण्यातच खर्ची पडते. जेवणाचं उरलेलं ओल्या कचऱ्यात जायला हवं, सिरिंजचं कोरडं वेष्टन सुक्या कचऱ्यात. रुग्णालयातला जवळपास 85 टक्के कचरा असा साधाच असतो. त्यात रक्ताचा एक बोळा पडला की अख्खी बादली संसर्गजन्य धरावी लागते.

अँप्यूल निळी खूण असलेल्या डब्यात. कर्करोगाच्या औषधाची मात्र तिथे चालत नाही; ती सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशींना मारक, असं लेबल लावलेल्या पिवळ्या पिशवीत.

[दृश्य: वजनकाटा, बारकोड, नोंदवही. मग झाकलेली गाडी.]

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे प्रत्येक पिशवीवर बारकोड लागतो, वजनाची रोज नोंद होते आणि प्रक्रियेविना कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर रुग्णालयानं स्वतःची भट्टी लावायची नाही. प्रयोगशाळेतली जंतूंची कल्चर प्लेट आणि रक्ताच्या पिशव्या मात्र जागेवरच निर्जंतुक करून मगच गाडीत चढतात.

[दृश्य: प्रक्रिया केंद्र. ऑटोक्लेव्हचं जाड दार.]

लाल पिशव्या इथे वाफेत जातात. वाफ आणि दाबानं चालणाऱ्या साध्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश, 15 पीएसआय दाब, किमान 60 मिनिटं. आधी हवा बाहेर काढणाऱ्या व्हॅक्युमच्या यंत्रात तेच काम 45 मिनिटांत होतं. घट्ट दाबून भरलेल्या पिशव्या आणि बूच लावलेल्या बाटल्या इथे घात करतात. आत अडकलेली हवा वाफेला शिरू देत नाही; काट्यावर 121 दिसतं आणि ढिगाच्या मधोमध मात्र तेवढी उष्णता पोहोचलेलीच नसते.

[दृश्य: जवळून. तळहातावर कागदाच्या चार लहान पट्ट्या.]

म्हणून काट्यावर भरवसा ठेवून भागत नाही. या पट्ट्यांवर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे, उष्णतेला सहजी न मरणाऱ्या जंतूंचे बीजाणू आहेत. तीन पट्ट्या कचऱ्याच्या पोटात ठेवतात. त्यांतली एक अगदी तळाशी मध्यभागी, जिथे वाफ सर्वांत उशिरा पोहोचते. चौथी बाहेरच राहते, पट्टीवरचे जंतू मुळात जिवंत होते हे ताडण्यासाठी. नंतर चारही पट्ट्या वाढीसाठी ठेवल्या जातात. बाहेरचीत जंतू वाढले आणि आतल्या तिन्हींत वाढले नाहीत, तरच यंत्र पास.

[दृश्य: श्रेडरखालून पडणारे प्लास्टिकचे तुकडे. पोतं शिवलं जातं.]

मग श्रेडर. सिरिंज, नळी, बाटली, सगळ्यांचे बारीक तुकडे. हे तुकडे कचरा डेपोवर टाकायचे नाहीत, अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच पाठवायचे. पोतं काट्यावर चढतं, आकडा वहीत जातो.