तक्रार पोलिसांची, तपास पण पोलिसांचाच

नमस्कार मंडळी. समजा तुमच्या पोराला चौकीत नेऊन मारलं, आणि कोणीतरी सुचवलं की मानवी हक्क आयोगाकडे जा. मुंबईत सीएसएमटीसमोर आपल्या राज्याच्या आयोगाचं ऑफिस आहे, फी एक पैसा लागत नाही, वकील नको, साध्या कागदावर मराठीत लिहून दिलं तरी चालतं. इथपर्यंत सगळं छान. फक्त घटनेला वर्ष व्हायच्या आत जा हां, नाहीतर मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ आडवं येतं, आणि आपल्याकडे पहिलं वर्ष आधी ठाण्यात, मग एसपी ऑफिसात खेटे घालण्यातच निघून जातं.

पुढे काय होतं? आयोग त्याच खात्याकडून रिपोर्ट मागवतो आणि खातं म्हणतं, असं काही घडलंच नाही! आता आयोगाची स्वतःची तपास टीम नसते असं नाही, पण १९९३ च्या याच कायद्यात लिहिलंय की सरकारने त्यासाठी पोलीस स्टाफ द्यायचा, म्हणजे आज आयोगात बसलेला साहेब उद्या बदली होऊन परत आपल्याच खात्यात, मग तो आपल्याच लोकांविरुद्ध किती खोलात जाणार तुम्हीच सांगा. देशोदेशीच्या मानवी हक्क आयोगांच्या जागतिक संघटनेने २०२३ आणि २०२४ ला दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाचं मानांकन लांबणीवर टाकलं, त्यातही हा पोलिसांचा मुद्दा होताच.

बाकी आयोग शेवटी शिफारस करतो, हुकूम नाही, हे रडगाणं तुम्ही ऐकलेलंच असेल. मद्रास हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये राज्य आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे असं म्हटलं, ते संसदेने सरळ कायद्यातच घालावं. आयोगातल्या रिकाम्या खुर्च्या तीन महिन्यांत भरा असं सुप्रीम कोर्टाने २०१५ लाच सांगून ठेवलंय.

पण मला विचाराल तर आधी तपासाचं बघा. आयोगाने स्वतः भरती केलेली माणसं हवीत, वकील, डॉक्टर, समाजकार्य शिकलेली पोरं, ज्यांचं प्रमोशन गृहखात्याच्या हातात नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर मार लागला की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, केसपेपरवर तारीख, वेळ, कुठे लागलंय ते लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स तक्रारीला जोडा, कारण खात्याच्या रिपोर्टसमोर ठेवायला तुमच्याकडे बहुतेक तेवढंच असणार आहे.