सपाट जागा सपाट कशामुळे झाली?

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा तोंडावर आला की लालबाग-परळच्या चाळींतून गावोगावच्या मुंबईकर मंडळांच्या बैठका सुरू होतात. देवळाचा रंग आणि गणपतीच्या गाड्या हे विषय आटोपले की यंदा आणखी एक विषय काढावा, असे मी सुचवतो: दरडीची भीती निर्माण झाली, तर गावाने रातोरात जायचे कुठे?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गेली. इरशाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे दरडप्रवणतेचे नकाशे उपयोगी आहेतच. परंतु १:५०,००० या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर असतो. त्यात डोंगररांगेचा स्वभाव कळतो, शाळेचे अंगण दिसत नाही. ते पाहायला पायीच जावे लागते, आणि तेही उन्हाळ्यात.

डोंगराळ गावात सपाट जागा मुळात थोडी, म्हणून जी सापडेल तिथे पत्र्याच्या शेड उभारण्याचा मोह होतो. ती जागा सपाट कशामुळे झाली, हे आधी विचारावे. ओढा डोंगरातून बाहेर पडतो त्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन बहुधा ओढ्यानेच कधीकाळी आणून टाकलेली असते. तिथल्या एखाद्या विहिरीच्या कडेची माती निरखून पाहा: बारीक मातीत डोक्याएवढे, कोनेदार दगड अस्ताव्यस्त रुतलेले दिसले, तर तो संथ पाण्याचा गाळ नव्हे, एका लोंढ्यात आलेला ऐवज आहे. असा लोंढा पुन्हा येऊ शकतो, आणि लांबूनही येतो. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दगडमाती सुमारे ८ किलोमीटर वाहत गेली होती.

दुसरी फसवी सपाटी म्हणजे उतार कापून काढलेले मैदान. मागे उभा कापलेला डोंगर, पुढे भराव, आणि मध्ये आपली पक्की शाळा. केवळ इमारत पक्की म्हणून तिला निवारा ठरवणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा कड्यापासून बराच आत असलेला कातळाचा रुंद सडा, म्हणजे खडकाळ पठार, पुष्कळ बरा, जरी तिथे वारा झोडपतो आणि पाणी टँकरने न्यावे लागते.

जागेचा आणि पाण्याचा हिशेब सोपा आहे. स्फिअर या आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, दिवसाला १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचालय लागते. म्हणजे दोनशेंच्या वाडीला ७०० चौरस मीटर, ३,००० लिटर आणि १० शौचालये. या मानकांपलीकडे मी गुरांसाठीही जागा धरायला सांगेन. कारण गोठ्यात म्हैस राहिली की घरातला कर्ता माणूस मध्यरात्री हमखास परत जातो.

वाटही चालून पाहावी. ती पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, ओलांडून जात असेल, तर नेमक्या गरजेच्या रात्री ती बंद असेल. निवाऱ्यापर्यंत गाडीरस्ता असावा. इरशाळवाडीत अवजड यंत्रे वर नेताच आली नाहीत. आणि शेवटी समाजमंदिरच ठरले, तर त्याची किल्ली रात्री कोणाच्या घरी असते, तेही बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.