क्रायस्लर बिल्डिंगच्या भाड्यावर चालणारं कॉलेज

नमस्कार मंडळी, आज जरा लांबची गोष्ट. माझ्या मागे फोटोत दिसतेय ती न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग, वर निमुळती होत गेलेली, चकाकणारी, सिनेमात शंभरदा बघितली असेल तुम्ही. तर ती ज्या जमिनीवर उभी आहे ना, ती जमीन कुठल्या बिल्डरची नाही, कंपनीची नाही, एका कॉलेजची आहे. कूपर युनियन नाव. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि आर्ट शिकवतात, आणि 1902 पासून 2014 पर्यंत तिथं ॲडमिशन मिळालं की ट्यूशन फी शून्य. उत्पन्नाचा दाखला आणा, डोमिसाइल आणा, तलाठ्याकडे जा, काही नाही. श्रीमंताचा पोरगा असो की हमालाचा, शून्य म्हणजे शून्य.

हे जमलं कसं, तर पीटर कूपर नावाच्या माणसामुळे. जन्म 1791 चा, शाळेत गेला असेल जेमतेम वर्षभर. पैसा कशात कमावला? सरसात. हो, आपला सुतारकामातला सरस, त्याचा कारखाना. मग लोखंडात शिरला, 1830 मध्ये टॉम थंब नावाचं वाफेचं छोटं इंजिन बनवून रुळांवर पळवलं. पण शिकायचं राहिलं ते राहिलंच, ते त्याला आयुष्यभर टोचत होतं. पॅरिसमध्ये एक पॉलिटेक्निक आहे, तिथं गरिबांची पोरंसुद्धा फुकट शिकतात असं कुणीतरी सांगितलं आणि ते डोक्यात बसलं ते बसलंच. 1859 मध्ये त्याचं कॉलेज सुरू झालं, दिवसभर कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग, बायकांसाठी डिझाइनचे वर्ग, आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी वाचनाची खोली.

एक गंमत सांगतो, ती मला फार आवडते. त्या इमारतीचं काम सुरू झालं 1853 मध्ये, तेव्हा माणसं वर-खाली नेणारी लिफ्ट बाजारातच नव्हती. पण हा म्हणाला आज ना उद्या येणारच, म्हणून लिफ्टसाठी पोकळी सोडून ठेवली, आणि ती गोल! कारण त्याच्या मते लिफ्टला गोलच आकार बरा. पुढे लिफ्ट आल्या त्या चौकोनी 😄 पण विचार बघा, अजून नसलेल्या वस्तूसाठी भिंतीत जागा सोडणारा माणूस पैशाची सोय किती लांबची बघत असेल.

आता पैशाचं बघू, खरा मुद्दा तोच आहे. दान दोन तऱ्हेचं असतं. एक, चेक दिला, खर्च झाला, कोनशिलेवर नाव आलं, संपलं. दुसरं म्हणजे मुद्दल बाजूला ठेवायचं आणि त्याच्या उत्पन्नावर कॉलेज चालवायचं, आपण ज्याला कॉर्पस म्हणतो. कूपरच्या घरच्यांनी दुसरं केलं, रोख नाही तर मॅनहॅटनमधली जमीन दिली. पुढे त्या जमिनीवर क्रायस्लर उभी राहिली, 1930 मध्ये पूर्ण झाली, आणि भाडं कॉलेजला यायला लागलं. वर अजून एक मजा आहे. मालक धर्मादाय संस्था, म्हणून त्या जागेची घरपट्टी न्यूयॉर्क महापालिकेच्या खिशात जात नाही, तेवढी रक्कम भाडेकरू कॉलेजलाच देतो. म्हणजे भाडंही यांचं आणि घरपट्टीही यांचीच.

आणि हे काही फक्त अमेरिकेतच घडतं असं समजू नका हां. जमशेटजी टाटांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठी आपली निम्मी संपत्ती काढून ठेवली, त्यात मुंबईतल्या 14 इमारती होत्या. 1909 मध्ये संस्था स्थापन झाली, ते बघायला ते नव्हते, 1904 मध्येच गेले. पण मुंबईतल्या भाड्यावर बंगळुरूत प्रयोगशाळा, हिशोब तोच.

मी डिप्लोमाला असताना मलाही एका ट्रस्टची स्कॉलरशिप होती, नाव नाही घेत, पण चेक मिळाला फेब्रुवारीत आणि मेसवाल्याने ऑक्टोबरपासून वहीत नाव लिहून ठेवलेलं, दर महिन्याला तो वही उघडून माझ्याकडे नुसता बघायचा. म्हणून सांगतो, किती दिले याच्याइतकंच कधी दिले हेही महत्त्वाचं असतं, आणि दरवर्षी ठरल्या वेळी पैसे येतात ते मुद्दल शाबूत असेल तरच.

कूपर युनियनमध्ये तिथंच घोळ झाला. 2006 मध्ये विश्वस्तांनी क्रायस्लरखालची जमीन तारण ठेवून 17 कोटी 50 लाख डॉलर कर्ज काढलं, नवी झकपक इमारत बांधली, ती 2009 मध्ये उघडली. तोवर 2008 ची मंदी येऊन गेलेली, हप्ते चालू आणि तिजोरीत खडखडाट. एप्रिल 2013 मध्ये जाहीर झालं की पुढच्या वर्षीपासून नव्या पोरांना निम्मी फी, म्हणजे वर्षाला साधारण 20 हजार डॉलर! पोरं भडकली. अध्यक्षांच्या ऑफिसात जाऊन बसली ती 65 दिवस. ऑफिसातच झोपणं, ऑफिसातच अभ्यास. मग कोर्टकज्जा, राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली आणि 2015 मध्ये समझोता झाला, कारभारावर देखरेख आली, परत फुकट करायचा आराखडा करा असं ठरलं.

2018 मध्ये दोन गोष्टी झाल्या. दहा वर्षांत फी परत शून्यावर आणायची योजना मंजूर झाली, आणि क्रायस्लरचं जमीनभाडं वर्षाला 77 लाख 50 हजार डॉलरवरून थेट 3 कोटी 25 लाख डॉलरवर गेलं. कॉलेजला बरं, पण भाडेकरूला झेपेना, 2024 मध्ये कॉलेजने करारच रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. जमीन असली म्हणजे घरबसल्या पैसे येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरा बघा, एकाच मोठ्या भाडेकरूवर कॉलेज चालवणं म्हणजे रात्री झोप नाही. त्याच वर्षी तीन माजी विद्यार्थ्यांनी मिळून 60 लाख डॉलर दिले, त्यामुळे पुढची चार वर्षं शेवटच्या वर्षाच्या पोरांची ट्यूशन फी माफ झाली. खालच्या वर्षांचं अजून व्हायचंय.

आता तुम्ही एक करा. तुमच्या कॉलेजच्या नावात जे शेठजी आहेत ना, त्यांनी तेव्हा जमीन दिली होती की रोख, आणि ती जमीन आज कुणाच्या ताब्यात आहे, हे ऑफिसात जाऊन विचारा. क्लार्क काय म्हणाला ते कमेंटमध्ये टाका. "तुला काय करायचंय" म्हणाला तरी तेही टाका.