लिहून घर चालतं का?

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय ‘लेखक म्हणून जगण्याच्या संधी’. संधी हा शब्द फार गोड आहे, पण इथे जी मुलंमुली बसलीत त्यांच्या मनातला खरा प्रश्न मला माहितीये कारण तो माझाही होता, लिहून घर चालतं का. तर उत्तर आधीच देऊन टाकते. नुसत्या पुस्तकांच्या विक्रीवर बहुतेकांचं चालत नाही. पण लेखनाच्या हक्कांवर, त्यांच्या आजूबाजूच्या कामांवर, आणि दहापंधरा वर्षं टिकून राहिलात तर जुन्या पुस्तकांवर, बऱ्यापैकी चालू शकतं. हे वाक्य मला विशीत कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून आज तुम्हाला सांगायला आलेय.

आधी आकडे बघू कारण त्याशिवाय ही चर्चा नुसती भावनिक होते. ब्रिटनमधे एएलसीएस म्हणून लेखकांची संस्था आहे, ती दर काही वर्षांनी लेखकांच्या कमाईचा सर्व्हे करवून घेते. जे लोक आपला निम्म्याहून जास्त कामाचा वेळ लेखनाला देतात, म्हणजे हौशी नव्हेत, त्यांची लेखनातून होणारी वर्षाची मधली कमाई (निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) 2006 मधे 12,330 पौंड होती आणि 2022 च्या सर्व्हेत ती 7,000 पौंडांवर आली. महागाई धरली तर घसरण याहून मोठी. आणि ज्यांची सगळीच्या सगळी कमाई फक्त लेखनातून येते असे त्यांच्यात 19 टक्केच उरले, 2006 ला ते 40 टक्के होते. इंग्रजीला जगभर वाचक आहेत तिथे ही अवस्था, मग छोट्या भाषेत लिहिणाऱ्याने काय समजायचं ते समजून घ्यावं. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. पैसे मिळत नाहीत म्हणजे आपलं लेखन वाईट आहे असं मानून किती चांगली माणसं लिहायची थांबली हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतेय. बहुतेक वेळा दोष लेखनाचा नसतोच, या धंद्याचं गणितच तसं असतं.

आता ते गणित. समजा पुस्तकाची छापील किंमत 100 आहे आणि तुम्हाला 10 टक्के रॉयल्टी ठरली. तुम्ही म्हणणार एका प्रतीमागे 10. पण कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, 10 टक्के कशावर ते बघा. छापील किमतीवर असेल तर 10. प्रकाशकाच्या हातात प्रत्यक्ष पडलेल्या रकमेवर, ज्याला नेट म्हणतात, त्यावर असेल, आणि वितरक दुकानदार मिळून 50 टक्के डिस्काउंट गेला असेल, तर तुमच्या हातात 5 येतात. टक्केवारी तीच, पैसे निम्मे, आणि फरक एका शब्दाचा. ॲडव्हान्स मिळाला तर आनंद होतो, व्हायलाच पाहिजे, पण तो पुढच्या रॉयल्टीतूनच वळता होतो, तो फिटेपर्यंत पुढचं काही येत नाही. शिवाय दुकानातून परत आलेल्या प्रती वजा होतात. माझं पहिलं रॉयल्टी स्टेटमेंट आलं तेव्हा मी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं होतं, घरचे सगळे उभे होते, आणि शेवटच्या रकान्यात आकड्याच्या आधी वजाची खूण होती. सहा महिन्यांत विकलेल्या प्रतींपेक्षा परत आलेल्या जास्त होत्या. आईने विचारलं, म्हणजे आपणच त्यांना द्यायचे का? द्यायचे नव्हते, पुढच्या हिशोबात ओढले जाणार होते, पण ते मला तेव्हा समजावूनसुद्धा सांगता आलं नाही.

ईबुकचं वेगळं आहे. 2007 ला ॲमेझॉनचं ईबुक वाचायचं यंत्र किंडल आलं आणि त्यासोबत स्वतःच पुस्तक टाकायची सोयही आली, तिथे ठराविक किमतीच्या टप्प्यात असाल तर लेखकाला 70 टक्के, नाहीतर 35 टक्के. ऐकायला फार छान वाटतं. पण मग संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिरात हे सगळं तुमच्या खिशातून. ज्यांना ते काम मनापासून आवडतं आणि जे एका मागोमाग एक, मालिकेसारखी पुस्तकं लिहू शकतात त्यांचं तिथे खरंच चांगलं चाललंय. बाकीच्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, जो प्रकाशक तुमच्याकडूनच पैसे मागतो त्याचा धंदा पुस्तकं विकायचा नसतो, त्याचं गिऱ्हाईक तुम्ही असता.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येते, हक्क. लेखक पुस्तक विकतो असं आपण म्हणतो, खरं तर तो वापराची परवानगी विकतो, आणि ती तुकड्यातुकड्यांनी विकता येते. छापील वेगळं, ईबुक वेगळं, ऑडिओ, प्रत्येक भाषेतला अनुवाद, नाटक, सिनेमा, पाठ्यपुस्तकातला उतारा, सगळं वेगवेगळं. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनचं उदाहरण घ्या. पहिली कादंबरी तिने स्वतःच्या जोखमीवर काढली, तिचे तिला 140 पौंड सुटले आणि कॉपीराइटही तिच्याकडेच राहिला. पण तो हिशोब हातात येण्याआधीच, 1812 मधे, तिने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सगळे हक्क एकरकमी 110 पौंडांना देऊन टाकले होते, तिला 150 हवे होते. पुस्तक 1813 ला आलं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्यातला एक पेनीसुद्धा तिला मिळाला नाही. दोनशे वर्षं झाली पण हीच चूक रोज कुठे ना कुठे होतेय.

मीही केली. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टमधे ‘सर्व माध्यमे, सर्व भाषा, कायमस्वरूपी’ असं होतं, मी आनंदात सही केली. काही वर्षांनी एका ओळखीच्या बाईंनी फोन करून सांगितलं की तुमचं पुस्तक ऐकलं, फार छान वाचलंय. मला ऑडिओ आल्याचंच माहीत नव्हतं, आणि त्याचे मला काहीही मिळाले नाहीत, सहीप्रमाणे मिळणारही नव्हते. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी पेन घेऊन दोन ओळी खोडल्या, ‘फक्त छापील आणि ईबुक, सात वर्षं’ असं लिहिलं आणि धडधडत्या छातीने पाठवून दिलं. वाटलं होतं आता पुस्तकच परत येणार. दोन दिवसांनी फोन आला, ठीक आहे, सात ऐवजी दहा करू. बस्स, एवढंच. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी विचारल्याबद्दल कोणी मला हाकललं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. हक्क परत मिळायची अटही तपासा. पूर्वी ‘पुस्तक छपाईबाहेर गेल्यास’ असं लिहिलं की पुरायचं. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, म्हणजे पुस्तक कागदोपत्री कधी संपतच नाही, म्हणून ‘वर्षात अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास’ असा आकडाच घालून घ्या.

नोकरीबद्दल दोन शब्द. नोकरी करणारा तो खरा लेखक नाही ही समजूत कुठून आली देव जाणे. कादंबरीकार फ्रान्झ काफ्का अपघात विम्याच्या कचेरीत 1908 ते 1922 नोकरीला होता. कवी टी. एस. एलियट बँकेत होता. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टात, पहिली कादंबरी 1847 ला आली आणि त्यानंतर वीस वर्षांनी, 1867 ला त्याने पोस्ट सोडलं. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, पंधरा मिनिटाला 250 शब्द. आत्मचरित्रात त्याने एकेका पुस्तकाची कमाई मांडून दाखवली, एकूण जवळजवळ 70 हजार पौंड, आणि काही टीकाकारांना ते फारच बाजारू वाटलं. मला तो माणूस त्या पानासाठीच आवडतो. लेखकांनी एकमेकांना आकडे सांगितले पाहिजेत हो, आपण लाजून गप्प बसतो म्हणून प्रत्येक नवा माणूस त्याच खड्ड्यात पडतो.

सरकारंही काही करू शकतात. ग्रंथालयातून पुस्तक वाचलं जातं तेव्हा लेखकाला मोबदला द्यायची पद्धत डेन्मार्कने 1946 ला सुरू केली, आता तीसहून जास्त देशांत आहे. रक्कम छोटी असते पण दरवर्षी येते, आणि बाजारातून गेलेल्या पुस्तकावरही येते. जिथे नाही तिथे ती मागायला हवी, सगळ्यांनी मिळून.

बाकी कामं तुम्हाला माहितीच आहेत, अनुवाद, दुसऱ्याच्या नावाने लिहिणं, पटकथा, जाहिरात, शिकवणं. यातलं अनुवाद मी सगळ्यांना सांगते, कारण त्यात वाक्य घडवायचा रियाज होतो आणि पैसेही ठरलेल्या तारखेला मिळतात.

मागे बसलेल्या ताईंनी विचारलंय, नोकरी कधी सोडू. माझं सांगते. मी एक वही ठेवली होती, लेखनातून आलेली प्रत्येक रक्कम तारखेसकट, नवं पुस्तक निळ्या शाईत, जुनं पुस्तक लाल. ज्या वर्षी नुसत्या लाल आकड्यांत घराचे सहा महिने निघाले त्या वर्षीही मी काही केलं नाही, पुढच्या वर्षी परत निघाले तेव्हा ऑफिसात जाऊन आठवड्याचे दोन दिवस कमी करून मागितले, पगार कापून. बाकीचे तीन दिवस अजून जातेच. वही अकराव्या वर्षात आहे, आज पिशवीत आणलीये, चहाच्या वेळेला ज्यांना बघायचीये त्यांनी बघा.