दोह्याचं ऊन, वर्ध्याचं ऊन

[दृश्य: मे महिना, सकाळचे अकरा. रिकामं वावर, धुऱ्यावर एक बाभूळ.]

अकोला, वर्धा, ब्रह्मपुरी. मे महिन्यात इथं पारा 45 अंशांच्या वर जातो. अकराला वावरं रिकामी होतात, माणसं पुन्हा बाहेर पडतात ती चारनंतर. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कुलर. इथं वाढलेल्या पोराला आखातातल्या उन्हाचं काय, असं तिकडं कामाला पाठवणारा एजंटही म्हणतो आणि घरचेही. हा समज जिवावर बेततो.

कुलर गार हवा देतो, कारण ताट्यांवरचं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. अंगावरचा घाम तेच काम करतो. 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असली, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक, म्हणजे घाम अंगाला किती गार करू शकेल ते सांगणारा, 24 अंशांच्या आसपास थांबतो. दोहा, दुबई, दम्माम समुद्राकाठची शहरं. तिथं 38 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असली की तोच तापमापक 31 दाखवतो. पारा आपल्यापेक्षा सात अंशांनी कमी, तरी घाम उडत नाही, नुसता ओघळतो. शरीर आतून तापत जातं. रात्री दमटपणा आणखी वाढतो, म्हणून रात्रपाळीतही सुटका नाही.

[दृश्य: सेंट्रिंगच्या फळ्या, सळ्या, हेल्मेट.]

अशा हवेत सळ्या वाहणाऱ्या माणसाला दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं. साइटवर संडास लांब असतो, मुकादम सारखं जाऊ देत नाही, म्हणून माणूस पाणीच कमी पितो. महिनोन्‌महिने असं चाललं की मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आखातातून नेपाळला परतलेले कितीतरी तरुण मजूर आज डायलिसिसवर आहेत.

कायदे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावरचं काम बंद असतं. घड्याळ पाहून केलेला हा नियम दमटपणा मोजत नाही. कतारनं 2021 साली एक पाऊल पुढं टाकलं: ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरणारा निर्देशांक 32.1 अंशांपुढं गेला की काम थांबवायचं, मग वेळ कोणतीही असो. पण थांबवा म्हणायचं कुणी? कर्ज काढून आलेला मजूर ते म्हणू शकत नाही.

एजंटनं मजुराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घ्यावं असा भारतातला नियम आहे. गावात मागितले जातात लाखांत. शेकडा तीन रुपये महिना दरानं एक लाख उचलले, तर महिन्याला 3,000 नुसतं व्याज. तिकडं मालकानं इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढला नाही किंवा 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची तक्रार, नोंदवली की माणूस बेकायदा ठरतो. पासपोर्ट मालकानं ठेवणं गुन्हा असला तरी तो बहुतेकदा त्याच्याच कपाटात असतो.

म्हणून जे तपासायचं ते निघण्यापूर्वी. एजंटचा परवाना 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर बघावा. व्हिजा कामाचाच हवा. व्हिजिट व्हिजावर पाठवून तिकडं बदलून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. दहावी न झालेल्यांना आखाती देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. दहावी पास पोरांना ती लागत नाही, त्यामुळे आयटीआय केलेल्या फिटर-वेल्डरचे कागद कुणीच तपासत नाही. केरळात प्रत्येक गल्लीत विचारायला जाऊन आलेला माणूस सापडतो. आपल्याकडं तो क्वचितच, म्हणून करार कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

[दृश्य: नागपूर विमानतळ, मालवाहतुकीचं दार.]

दहावी न झालेल्यांना लागणाऱ्या त्या परवानगीसोबत 'प्रवासी भारतीय विमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, संरक्षण 10 लाखांचं, पण अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. उन्हानं कोसळलेल्या तिशीतल्या माणसाच्या दाखल्यावर मात्र अनेकदा 'हृदयक्रिया बंद, नैसर्गिक मृत्यू' एवढंच लिहून येतं. मग ते 10 लाख मिळणं अवघड.

असा निरोप आला, तर घरच्यांनी त्याच दिवशी दूतावासाला लेखी कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी. सोबतच्या मजुरांकडून त्या दिवसाची हजेरी, कामाची जागा आणि वेळ मागवून घ्यावी. विमानानं आणण्यासाठी मृतदेह टिकवायची रसायनं त्यात भरली, की कारण शोधणं फार कठीण होऊन बसतं.